आकाशातला चकवा

कोकणातल्या माणसाला चकवा म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. रात्रीच्या वेळी ओळखीच्या वाटेने निघालेला माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो. लांब कुठेतरी एक दिवा हलताना दिसतो, त्याच्या रोखाने चालावे तर तो पुढे पुढे सरकतो, आणि उजाडल्यावर कळते की रात्रभर आपण एकाच मळ्याला प्रदक्षिणा घालत होतो. अमावास्येच्या रात्री मशाली घेऊन निघणाऱ्या वेताळाच्या पालखीच्या गोष्टीही आपल्यापैकी अनेकांनी आजीच्या तोंडून ऐकल्या आहेत.

अशा गोष्टी सातासमुद्रापलीकडे साहेबाच्या देशात नसणार अशी आपली समजूत असते. पण मंडळी, लंडनच्या नैर्ऋत्य भागात क्यू येथे ब्रिटनचे राष्ट्रीय अभिलेखागार, म्हणजे नॅशनल अर्काइव्ह्ज आहे. तिथे संरक्षण खात्याच्या फायलींची हजारो पाने अशाच हलत्या दिव्यांनी भरलेली आहेत. फरक एवढाच की ते दिवे पाहणाऱ्यांत गुराखी आणि वाटसरूंच्या जोडीला हजारो तास आकाशात काढलेले वैमानिकही आहेत. वैमानिकाच्या बाबतीत प्रश्न नुसता गंमतीचा राहत नाही. समोरचा दिवा दुसरे विमान असेल तर टक्कर होऊ शकते, शत्रूचा असेल तर युद्ध पेटू शकते, आणि काहीच नसेल तर पाहणाऱ्याची नोकरी धोक्यात येऊ शकते. म्हणूनच या दिव्यांचा इतिहास थोडा खोलात जाऊन पाहण्यासारखा आहे.

रॉचफर्डची रात्र

३१ जानेवारी १९१६. पहिले महायुद्ध ऐन भरात होते. त्या रात्री जर्मनीची नऊ झेपेलिन हवाईजहाजे इंग्लंडवर चालून आली. त्यांना अडवण्यासाठी एसेक्समधल्या रॉचफर्डच्या तळावरून फ्लाइट सब-लेफ्टनंट मॉर्गन हा नौदलाच्या हवाई शाखेतला वैमानिक उडाला. (हा तळ म्हणजेच आजचा साउथएंड विमानतळ.) उघडे कॉकपिट, जानेवारीची थंडी आणि खाली ब्लॅकआऊटचा काळोख. सुमारे पाच हजार फुटांवर असताना त्याला आपल्यापेक्षा किंचित उंचावर, अगदी शंभरेक फुटांवर, ओळीने प्रकाशित खिडक्या दिसल्या. पडदे ओढलेल्या रेल्वेच्या डब्यासारख्या! झेपेलिनच, असे समजून त्याने कमरेचे पिस्तूल काढून गोळ्या झाडल्या. दिवे झपाट्याने वर गेले आणि दिसेनासे झाले. पुढे मॉर्गनला थेम्सकाठच्या दलदलीत कसेबसे विमान उतरवावे लागले.

त्या रात्रीचे बाँब पडले ते वॉलसॉल, बर्टन, डर्बी अशा मिडलंड्समधल्या गावांवर, रॉचफर्डपासून शंभराहून अधिक मैलांवर. मग मॉर्गनने गोळ्या झाडल्या त्या कशावर? याचे उत्तर आजतागायत कोणी दिलेले नाही. मात्र एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्या काळी आकाशातून येणारे संकट म्हणजे झेपेलिन, म्हणून त्याला झेपेलिन दिसले. वेताळ मनात असता तर कदाचित पालखी दिसली असती.

दुसऱ्या महायुद्धात हीच गोष्ट वेगळ्या वेषात परत आली. १९४४ च्या नोव्हेंबरपासून ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यावर रात्री उडणाऱ्या अमेरिकेच्या ४१५ क्रमांकाच्या नाइट फायटर स्क्वाड्रनला लाल-नारिंगी गोळे विमानाच्या सोबतीने उडताना दिसू लागले. वैमानिकांनी एका कॉमिकमधला निरर्थक शब्द उचलून त्यांना 'फू फायटर' असे नाव दिले. ब्रिटिश बाँबर विमानांच्या चालकदलांनीही असे दिवे पाहिल्याचे सांगितले. सगळ्यांना वाटले, हिटलरचे नवे गुप्त अस्त्र! युद्ध संपल्यावर तसल्या अस्त्राचा मागमूसही सापडला नाही. अनेकांनी तर दिवे पाहूनही तोंड उघडले नव्हते. युद्धाच्या ताणाने याचे डोके फिरले असे कोणी म्हटले तर विमानातून खाली उतरवतील, ही भीती होती. ही भीती या सगळ्या इतिहासाला चिकटून राहिलेली आहे.

चर्चिलसाहेबांचा प्रश्न

२४ जून १९४७ रोजी अमेरिकेत केनेथ अर्नोल्ड या खाजगी वैमानिकाने माउंट रेनिअरजवळ नऊ चकाकणाऱ्या वस्तू पाहिल्या आणि वर्तमानपत्रांनी 'उडत्या तबकड्या' हा शब्द जगाला दिला. तोवर शीतयुद्ध सुरू झाले होते, त्यामुळे तबकडीच्या पलीकडे परग्रहवासी आहे की रशियन, हा प्रश्न सरकारांना खरोखरच भेडसावत होता.

ब्रिटनमध्ये सर हेन्री टिझार्ड यांनी या प्रकाराची शास्त्रीय छाननी व्हावी असा आग्रह धरला. हे टिझार्ड म्हणजे १९३५ च्या सुमारास रडारच्या संशोधनाला पाठबळ देणाऱ्या समितीचे अध्यक्ष. त्यांच्या शब्दाला वजन होते. १९५० मध्ये संरक्षण खात्याने 'फ्लाइंग सॉसर वर्किंग पार्टी' नावाची एक छोटी समिती नेमली. जून १९५१ मध्ये तिने आपला गुप्त अहवाल दिला. निष्कर्ष रोखठोक होता: ग्रह-तारे, हवामानाचे खेळ, फुगे, पक्षी, साधी विमाने, दृष्टिभ्रम आणि थापा यांपलीकडे यात काही नाही, सबब पुढे तपास करण्याची गरज नाही. फार्नबरो येथील एका कसलेल्या चाचणी वैमानिकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पाहिलेली वस्तूही दूरचे साधे विमान ठरवून समिती मोकळी झाली.

पुढच्याच वर्षी जुलैमध्ये वॉशिंग्टनच्या आकाशात आणि तिथल्या विमानतळाच्या रडारवर अनोळखी वस्तू दिसल्याचा गाजावाजा झाला. तेव्हा २८ जुलै १९५२ रोजी पंतप्रधान चर्चिल यांनी हवाईमंत्र्यांना एक चिठ्ठी धाडली. या तबकड्यांच्या प्रकरणात तथ्य किती आणि खरे काय, असा तिचा सरळ आशय. ९ ऑगस्टला उत्तर आले: गेल्या वर्षीच पूर्ण अभ्यास झाला आहे, काळजीचे कारण नाही.

आणि नियतीची गंमत पाहा, सहाच आठवड्यांत, १९ सप्टेंबरला, 'मेनब्रेस' या नाटोच्या मोठ्या युद्धसरावाच्या वेळी यॉर्कशायरमधल्या टॉपक्लिफ तळावर भर दिवसा हवाई दलाच्याच माणसांनी एका मीटिअर विमानामागून झुलत येणारी रुपेरी चकती पाहिली. ती क्षणभर थांबली, स्वतःभोवती फिरली आणि वेगाने निघून गेली. पाहणारे शॅकल्टन विमानाचे चालकदल, म्हणजे विमाने ओळखणे हेच ज्यांचे काम अशी मंडळी. 'पुढे तपासाची गरज नाही' असे म्हणून बंद केलेले दार सरकारला किलकिले करावे लागले. तेव्हापासून अशा नोंदी एका ठिकाणी गोळा होऊ लागल्या, त्याचबरोबर हवाई दलातल्या लोकांनी बाहेर बोलू नये अशी तंबीही मिळाली.

लेकनहीथ: एका दंतकथेचा जन्म

१३ ऑगस्ट १९५६ ची रात्र. सफोकमधल्या बेंटवॉटर्स आणि लेकनहीथ या अमेरिकन तळांच्या रडारवर प्रचंड वेगाने जाणारे ठिपके उमटले. केंब्रिजजवळच्या वॉटरबीच तळावरून रॉयल एअर फोर्सची व्हेनम लढाऊ विमाने पाठवली गेली. अमेरिकन अहवालानुसार वैमानिकाने वस्तूवर रडार रोखले, पण ती झटकन त्याच्या पाठीमागे गेली आणि काही केल्या शेपूट सोडेना. अमेरिकन हवाई दलासाठी भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड कॉन्डन यांच्या नेतृत्वाखाली झालेला आणि १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास एकंदरीत तबकड्यांच्या बाबतीत कमालीचा नकारात्मक होता. पण हे प्रकरण मात्र त्यालाही कोड्यात टाकून गेले.

पुढची चाळीस वर्षे ही घटना पुस्तकापुस्तकातून फिरली. नंतर डेव्हिड क्लार्क आणि इतर ब्रिटिश संशोधकांनी एक अगदी साधी गोष्ट केली, जी तोवर फारशी कोणी केली नव्हती. त्या रात्री व्हेनम उडवणारी माणसे शोधून काढली आणि त्यांनाच विचारले. निवृत्त झालेल्या त्या वैमानिकांनी जे सांगितले ते ऐकून सगळेच चाट पडले. पाठलाग वगैरे काही झाला नव्हता. विमानाच्या रडारवर काहीतरी आले खरे, पण ते जवळजवळ एका जागी स्थिर होते. आपण जवळून भरकन निघून जात होतो, कदाचित हवामानाचा फुगा असावा, असे त्यांचे म्हणणे पडले.

म्हणजे जमिनीवरच्या रडारवाल्यांनी एक पाहिले, विमानातल्यांनी दुसरे, आणि तारेने अमेरिकेला पोचले ते तिसरेच. लेकनहीथच्या रडारवर मुळात काय होते हा प्रश्न यानेही सुटत नाही. पण इतिहासाचा एक धडा मिळतो: कागदावर शिक्का आहे म्हणून गोष्ट खरी होत नाही, आणि साक्षीदाराला विचारायला चाळीस वर्षे थांबू नये.

थांबल्यामुळे काय होते याचे उदाहरण केंटमधल्या मॅन्स्टन तळावरचे. मिल्टन टॉरेस हा तरुण अमेरिकन वैमानिक १९५७ च्या मे महिन्यात सेबर विमान घेऊन उडाला. त्याच्या सांगण्यानुसार त्याला सगळी २४ रॉकेट्स डागण्याच्या तयारीत राहण्याचा हुकूम होता. डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, पण रडारच्या पडद्यावर एका महाकाय बाँबर विमानाएवढा ठिपका होता. रॉकेट सोडणार तोच तो ठिपका भन्नाट वेगाने पडद्याबाहेर गेला. दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यातल्या एका माणसाने येऊन गुप्ततेची ताकीद दिली. टॉरेस पुढे अमेरिकेत इंजिनिअरिंगचे प्राध्यापक झाले, पण तीसेक वर्षे त्यांनी हे मनात दाबून ठेवले. त्यांचे निवेदन क्यूच्या फायलींतून जगासमोर आले ते २००८ मध्ये. शत्रूच्या रडारला खोटे ठिपके दाखवण्याचे तंत्र त्या काळी विकसित होत होते, तसाच हा प्रयोग असावा असा एक तर्क आहे. तो सिद्ध करायला किंवा खोडायला मूळ कागद मात्र नाहीत. १९६७ पर्यंत अशा फायली पाच वर्षांनी नष्ट करण्याचाच संरक्षण खात्याचा शिरस्ता होता.

डोळा फसतो तो कसा

इथे क्षणभर थांबून स्वतःलाच विचारू या. एवढा अनुभवी वैमानिक फसेल का? फसतो, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

संपूर्ण काळोखात एकाच दिव्याकडे टक लावून पाहिले तर तो स्थिर असूनही हलल्यासारखा वाटतो. वैमानिकांच्या प्रशिक्षणातही हा दृष्टिभ्रम शिकवला जातो. वस्तूचा खरा आकार ठाऊक नसेल तर ती किती लांब आहे हे डोळ्याला सांगता येत नाही, आणि अंतर कळले नाही की वेगाचा अंदाजही कोसळतो. दहा मैलांवरचे विमान आणि कोट्यवधी मैलांवरचा शुक्र, दोघेही काळोखात फक्त प्रकाशाचे ठिपकेच. हवेत गरम थर थंड थरावर बसला तर प्रकाश आणि रडारच्या लहरी दोन्ही वाकतात आणि दूरची वस्तू भलत्याच जागी दिसते. आपल्या भारतीय जवानांनाही हा अनुभव आला आहे. २०१२-१३ मध्ये लडाखच्या सीमेवर चिनी ड्रोन म्हणून नोंदवलेल्या काही दिव्यांची बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी छाननी केली, तेव्हा ते निघाले शुक्र आणि गुरू!

५ नोव्हेंबर १९९० रोजी उत्तर समुद्रावर उडणाऱ्या रॉयल एअर फोर्सच्या टॉर्नेडो विमानांना मागून येऊन पुढे निघून जाणारे मोठे दिवे दिसले. त्याच संध्याकाळी फ्रान्ससह पश्चिम युरोपात असंख्य लोकांनी ते पाहिले. ते होते एका सोव्हिएत उपग्रहाला वर नेणाऱ्या रॉकेटचा वातावरणात परत येऊन जळणारा टप्पा. टॉर्नेडोच्या वैमानिकांनी जे पाहिले ते अगदी खरे होते, अंदाज चुकला तो फक्त अंतराचा.

मँचेस्टरची दाद

या सगळ्या फायलींमधली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी घटना आहे ६ जानेवारी १९९५ ची. ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७३७ मिलानहून मँचेस्टरला येत होते. संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास, पेनाइन डोंगरांवर सुमारे चार हजार फुटांवर, एक प्रकाशित वस्तू उजव्या बाजूने इतक्या जवळून गेली की सहवैमानिकाने नकळत मान खाली घातली. कंट्रोलरच्या रडारवर काहीही नव्हते. दोघांनी उतरल्यावर रीतसर अहवाल दिला आणि जे पाहिले त्याची चित्रेही काढून दिली.

सिव्हिल एव्हिएशन अथॉरिटीच्या अभ्यासगटाने वर्षभर शोध घेतला. लष्करी विमाने, हँग ग्लायडर, मायक्रोलाइट सगळे तपासले आणि शेवटी, उपलब्ध माहितीवर मूल्यमापन करता येत नाही, असा शेरा मारला. पण त्यापुढे जाऊन गटाने अहवाल देण्याच्या वैमानिकांच्या धैर्याचे आणि त्यांना तसे करू देणाऱ्या कंपनीच्या मोकळ्या दृष्टीचे खास कौतुक केले.

दिवा पाहिला म्हणून कौतुक नाही, तर सांगितला म्हणून! विमानप्रवास सुरक्षित झाला आहे तो अशाच सांगण्यामुळे. ब्रिटनमध्ये १९८२ पासून 'चर्प' नावाची योजना आहे. तिच्यात वैमानिक आपले नाव गुप्त ठेवून चुका आणि विचित्र अनुभव कळवू शकतात. उद्या एखाद्या वैमानिकाला समोर खराच ड्रोन दिसला आणि हसतील म्हणून तो गप्प बसला, तर मागे बसलेल्या तीनशे प्रवाशांत आपल्यापैकीही कोणी असू शकेल.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात हा प्रसंग नेहमीचाच. युजर म्हणतो, स्क्रीनवर काहीतरी विचित्र दिसले. लॉगमध्ये काही सापडत नाही, पुन्हा करून पाहावे तर घडत नाही. अशा वेळी युजरला वेडा ठरवणे सोपे असते आणि भलतेच कारण चिकटवून तक्रार निकालात काढणे त्याहून सोपे. नोंद जशीच्या तशी ठेवून तिच्यापुढे 'कारण अज्ञात' असे लिहिणे मात्र जिवावर येते. मँचेस्टरच्या त्या गटाने ते केले.

फायली बंद, आकाश चालू

१ जानेवारी २००५ रोजी ब्रिटनमध्ये माहिती अधिकाराचा कायदा अमलात आला (योगायोगाने आपल्या भारतातही त्याच वर्षी) आणि यूएफओविषयी संरक्षण खात्याकडे अर्जांची रीघ लागली. मे २००६ मध्ये 'कॉन्डाइन' नावाचा चारशेहून अधिक पानांचा गुप्त अहवाल खुला झाला. तो २००० सालीच पूर्ण झालेला होता. असे दिवे दिसतात हे त्याने मान्य केले, पण त्यांच्यामागे कोणी बुद्धिमान चालक असल्याचा पुरावा नाही असे म्हटले. काही दिवे म्हणजे वातावरणातला विद्युतभारित वायू, प्लाझ्मा, असावा ही त्याची कल्पना शास्त्रज्ञांना फारशी पटलेली नाही. वैमानिकांना मात्र त्याने शहाणपणाचा सल्ला दिला: असा दिवा दिसल्यास त्याच्याशी कसरती करायला जाऊ नका.

२३ एप्रिल २००७ रोजी साउदॅम्प्टनहून ऑल्डर्नी बेटाकडे जाणाऱ्या छोट्या विमानाच्या कॅप्टन रे बॉयर यांनी दोन प्रखर पिवळ्या वस्तू कितीतरी मिनिटे पाहिल्या. काही प्रवाशांनी त्या पाहिल्या आणि दुसऱ्या एका विमानाच्या वैमानिकानेही एक पाहिली. संशोधकांनी सूर्याच्या परावर्तनापासून हवामानापर्यंत एकेक शक्यता तपासली, पण कोणतीच पूर्ण बसली नाही.

डिसेंबर २००९ मध्ये संरक्षण खात्याने आपला यूएफओ विभाग बंद केला. पन्नासहून अधिक वर्षांत एकाही नोंदीतून देशाला धोका असल्याचे दिसले नाही, मग खर्च कशाला, असा हिशेब. त्या शेवटच्या वर्षी सहाशेहून जास्त नोंदी आल्या होत्या. तेव्हा लग्नसमारंभात हवेत सोडायच्या कागदी आकाशकंदिलांची टूम निघाली होती, हे त्याचे एक कारण. २००८ ते २०१३ या काळात जुन्या फायली टप्प्याटप्प्याने क्यूला खुल्या झाल्या.

पण आकाश काही बंद झाले नाही. १९ डिसेंबर २०१८ च्या रात्री गॅटविकवर ड्रोन दिसल्याच्या बातमीने ऐन नाताळात सुमारे हजार उड्डाणे आणि १ लाख ४० हजार प्रवासी अडकले. गुन्हेगार सापडला नाही. मुळात ड्रोन होता का, यावरही शंका घेतली गेली, आणि काही लोकांनी पोलिसांचाच ड्रोन पाहिला असावा असेही पुढे आले. अमेरिकेने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या अहवालात १४४ प्रकरणांपैकी खात्रीने उलगडले ते फक्त एक, आणि तो होता हवा जात असलेला एक मोठा फुगा! २०१९ पासून स्टारलिंक उपग्रहांच्या माळा आकाशात फिरू लागल्या. क्षितिजाजवळ सूर्यप्रकाश परावर्तित करून चमकणारे आणि एकाच जागी गोल गोल फिरल्यासारखे भासणारे ते ठिपके वैमानिकांना नव्याने बुचकळ्यात पाडत आहेत. वेताळ, झेपेलिन, हिटलर, रशियन, परग्रहवासी, ड्रोन. दिवा तोच, ज्याच्या त्याच्या काळाप्रमाणे धरणारा हात बदलतो.

मग शेवटी हाती काय लागले? बहुतेक दिव्यांना उत्तर मिळते आणि मूठभर उरतात. त्या उरलेल्यांना परग्रहावर पाठवायची घाई नको, आणि सगळ्या थापा म्हणून उडवून लावायचीही नको. विज्ञाननिष्ठा म्हणजे सर्व प्रश्नांची उत्तरे खिशात असणे नव्हे. 'अजून माहीत नाही' हे वाक्य न लाजता म्हणता येणे ही तिची पहिली पायरी आहे.

मुलांना सुट्टीत कुठे न्यावे हा प्रश्न आपल्याला दरवर्षी पडतो. एकदा डिस्ट्रिक्ट लाइनने क्यू गार्डन्सला उतरा आणि बागेबरोबर अभिलेखागारालाही भेट द्या. तिथे कोणत्या कोणत्या प्रश्नांपुढे शंभर वर्षांनंतरही रिकामी जागा सोडलेली आहे, ते मुलांना सांगा. ती जागा भरण्याचे काम त्यांच्यापैकी कोणीतरी करील.